यंत्राचा कारखानीस : प्रस्तावना

शिवकालीन राज्यव्यवस्थेत गडकोटांचा कारभार एका हाती न ठेवता हवालदार, सबनीस आणि कारखानीस अशा स्वतंत्र अधिकाऱ्यांमध्ये वाटून दिलेला असे, हे इतिहासाच्या सामान्य वाचकासही ठाऊक आहे. किल्ल्या हवालदाराच्या ताब्यात, हजेरी आणि हिशेब सबनिसाच्या दप्तरी, आणि अंबारखान्यातील धान्य, दारूगोळा, इमारतींची डागडुजी हे सर्व कारखानिसाच्या जिम्मेस, अशी ती वाटणी होती. यांपैकी पहिले दोघे आजच्या रुग्णालयांतही निराळ्या नावांनी हजर आहेत. अधीक्षक, अधिष्ठाता अथवा जिल्हा शल्यचिकित्सक हे हवालदाराच्या गादीवर बसले आहेत आणि सबनिसाचे दप्तर लेखा शाखेने सांभाळले आहे. परंतु आणलेली वस्तू टिकवणे, तिची झीज मोजणे आणि ती बंद पडण्यापूर्वी तजवीज करणे ज्याच्या अंगावर होते, तो तिसरा अधिकारी मात्र बहुतेक ठिकाणी नेमलेलाच नसतो. क्ष-किरण, सी. टी. स्कॅन, एम. आर. आय., सोनोग्राफी अशी शरीराच्या आतले चित्र काढणारी, लक्षावधींची आणि कोट्यवधींची यंत्रे येतात, फीत कापली जाते, वर्तमानपत्रात छायाचित्र येते, आणि दुसऱ्या दिवसापासून ते यंत्र नक्की कोणाच्या हवाली आहे या साध्या प्रश्नाला एका माणसाचे नाव उत्तर म्हणून मिळत नाही. सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतील रुग्णालयांचे विश्वस्त, अधिकारी आणि तंत्रज्ञ यांच्यासाठी सिद्ध केलेल्या प्रस्तुत पुस्तकाचा विषय हा रिकामा राहिलेला हुद्दा आहे, असे मी समजतो.

या दोन जिल्ह्यांची निवड केवळ सोयीची नाही. पाश्चात्त्य वैद्यकाचे जे मोठे केंद्र दक्षिण महाराष्ट्रात उभे राहिले ते मिरजेस. डॉ. विल्यम वानलेस १८८९ साली या भागात आले आणि १८९४ साली मिरजेचे रुग्णालय उघडले. म्हणजे जर्मनीत राँटजेन यांना क्ष-किरण सापडण्याच्या आदल्याच वर्षी. त्यानंतर क्षयरोगाने क्ष-किरणांच्या या शास्त्राला आमच्या मुलखात कायमचे घर दिले. पाचगणीस डॉ. बिलिमोरिया यांनी १९१२ साली बेल-एअर हे आरोग्यधाम काढले, मिरज-सांगलीच्या दरम्यान वानलेसवाडीस छातीच्या रोगांचे रुग्णालय झाले, आणि फुप्फुसाचा 'फोटो' हा शब्द कृष्णाकाठच्या खेड्यापाड्यांतून लोकांच्या तोंडी रुळला. १९६२ साली मिरजेस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. पुढे कराड, सांगली आणि अलीकडे सातारा येथेही वैद्यकीय महाविद्यालये झाली. आज आथणी-जमखंडीकडून रेल्वेने वा मोटारीने मिरजेस उतरणारा कानडी भाषक रुग्ण, जतचा मेंढपाळ, दहिवडीची शेतकरीण आणि पाटणच्या डोंगरातून खाली आणलेला म्हातारा हे सर्व ज्या काही थोड्या यंत्रांसमोर रांग लावतात, त्यांतले एक जरी आठवडाभर बंद पडले तरी त्याचा अर्थ त्या रांगेतील माणसांच्या दृष्टीने काय होतो, हे एस. टी. च्या परतीच्या गाडीचा हिशेब ज्याने कधी केला असेल त्याला सांगावे लागत नाही.

यंत्राची झीज हा विषय कागदावर रुक्ष दिसतो, म्हणून एक उदाहरण जवळून पाहू. क्ष-किरण नलिकेत जी विद्युत्शक्ती खर्च होते तिच्यातील जेमतेम एक टक्का किरणांच्या रूपाने बाहेर पडते. उरलेल्या नव्याण्णव टक्क्यांची उष्णताच होते, आणि ती सोसण्याचे काम आतल्या टंगस्टनच्या फिरत्या तबकडीकडे असते. म्हणून सकाळी पहिला रुग्ण टेबलावर घेण्यापूर्वी मोकळ्या टेबलावर लहान लहान मात्रा देऊन नलिका हळूहळू तापवून घ्यावी लागते. थंड तबकडीवर एकदम मोठा भार टाकला तर तिला तडा जाण्याची भीती असते. हे तापवणे म्हणजे काही मिनिटांचे काम. पण बाहेर पंचवीस माणसे उभी असतील, आतून कोणी वजनदार गृहस्थ चिठ्ठी पाठवून घाई करीत असेल, आणि ती मिनिटे वाचवल्याबद्दल कोणी जाब विचारणार नसेल, तर ती वाचवली जातात, आणि सी. टी. च्या बाबतीत त्या बचतीची किंमत पुढे केव्हातरी लाखो रुपयांच्या नव्या नलिकेच्या रूपाने चुकती करावी लागते. २०२०-२१ च्या कोरोना साथीत छातीच्या सी. टी. साठी यंत्रे अहोरात्र चालली. शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये त्या तपासणीचे दर यंत्राच्या क्षमतेनुसार २,०००, २,५०० आणि ३,००० रुपये असे बांधून दिले. दराची चर्चा तेव्हा घरोघर झाली; नलिकेच्या आयुष्याची चर्चा फारशी कोणी केली नाही.

दराचा विषय निघालाच आहे तर थोडा जमाखर्च मांडणे इष्ट होईल. उदाहरणादाखल दोन कोटींचे यंत्र आणि त्याचे आयुष्य दहा वर्षांचे धरा. वर्षाचा घसारा २० लाख झाला. हमीची मुदत संपल्यावर संपूर्ण देखभालीचा करार किमतीच्या आठ टक्के धरला तर १६ लाख. वीज, वातानुकूलन, तंत्रज्ञांचे वेतन, निदान वाचणाऱ्या डॉक्टरांचे मानधन मिळून २४ लाख. एकूण वर्षाला ६० लाख. कामाचे ३०० दिवस आणि रोजचे दहा रुग्ण धरल्यास एका तपासणीचा खर्च २,००० रुपये पडतो. रोज तीनच रुग्ण झाले तर तोच ६,६०० च्या वर जातो. आणि रोजचे दहा रुग्ण असूनही यंत्र वर्षातून ५० दिवस बंद राहिले तर तो २,४०० वर चढतो, कारण बंद यंत्राचा घसारा आणि पगार थांबत नाहीत. या आकड्यांत काही गूढ नाही, कोणताही वाणी हा हिशेब पाटीवर करील. तथापि ज्या ठरावाने यंत्र खरेदी होते त्या ठरावात हा हिशेब जोडलेला मी क्वचितच पाहिला आहे. तेथे असते ती फक्त किंमत, आणि तीही सर्वांत कमी देकार कोणाचा एवढे ठरवण्यापुरती. खरेदीच्या निविदेतच हमीनंतरच्या पाच-सात वर्षांच्या देखभालीचा दर मागवून दोहोंची बेरीज करून तुलना करावी, ही या पुस्तकातील शिफारस नवी नाही. पण ती न पाळल्याने स्वस्त यंत्राची महाग दुरुस्ती गळ्यात पडलेल्या संस्था दोन्ही जिल्ह्यांत दाखवता येतील.

याच्याच पोटात आणखी एक अडचण आहे. आमदार-खासदारांच्या स्थानिक विकास निधीतून, एखाद्या कारखानदाराच्या सामाजिक दायित्वाच्या रकमेतून अथवा कोणा सधन कुटुंबाच्या देणगीतून यंत्र मिळते. दात्याचे नाव संगमरवरावर कोरले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु विकास निधीच्या नियमांत आवर्ती खर्च बसत नाही, आणि दात्यांना वस्तू देणे जितके रुचते तितके तिची नलिका बदलून देणे रुचत नाही. शिवाय १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार व तपासण्या निःशुल्क झाल्या आहेत. गरिबाच्या दृष्टीने ही गोष्ट स्वागतार्ह आहे याविषयी माझ्या मनात शंका नाही. मात्र पूर्वी शुल्काच्या रूपाने जी थोडीबहुत रक्कम हाताशी येत असे तीही आता नाही, हे लक्षात घेऊन देखभालीचा पैसा अंदाजपत्रकातच स्वतंत्र शीर्षाखाली ठेवला पाहिजे. तो तसा ठेवला नाही तर यंत्र फुकट आणि बंद, अशी स्थिती येते.

करारनाम्यांविषयी ग्रंथकर्त्यांनी जे प्रकरण लिहिले आहे ते मला सर्वांत मोलाचे वाटले. देखभालीचा करार म्हटला की सर्व काही त्यात आले, असे विश्वस्तांना वाटते. प्रत्यक्षात नलिका, सोनोग्राफीचे प्रोब, यू. पी. एस. च्या बॅटऱ्या, एम. आर. आय. चा हेलियम अशा ज्या वस्तूंवर खरा खर्च होतो त्याच बारीक अक्षरांत वगळलेल्या असतात. काही कंपन्यांच्या यंत्रांची आतील दुरुस्तीची दारे सांकेतिक शब्दांनी बंद असतात आणि तो शब्द त्यांच्याच अभियंत्याजवळ असतो, म्हणजे हमी संपल्यावर रुग्णालय मालक असूनही कुळासारखे वागवले जाते. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या २०१५ च्या उपकरण-देखभाल कार्यक्रमाने जिल्हा रुग्णालयांत उपकरणे ९५ टक्के, ग्रामीण रुग्णालयांच्या पातळीवर ९० टक्के आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत ८० टक्के वेळ चालू राहावीत असे उद्दिष्ट घातले. ९५ टक्के म्हणजे वर्षात सुमारे अठरा दिवस बंद राहण्याची मुभा. पण हे अठरा दिवस मोजावयाचे केव्हापासून? ठेकेदाराचे घड्याळ तक्रार नोंदवल्यापासून सुरू होते. यंत्र शुक्रवारी दुपारी बंद पडले, तंत्रज्ञाने वरिष्ठांना तोंडी सांगितले, वरिष्ठ बैठकीस पुण्याला गेले होते, आणि तक्रार सोमवारी दुपारी गेली, तर ते तीन दिवस कागदावर घडलेलेच नसतात. बंद पडल्याची तारीख आणि वेळ, फोन कोणाला केला, तक्रारीचा क्रमांक काय मिळाला, माणूस केव्हा आला, कोणता सुटा भाग बदलला, जुना भाग कोठे ठेवला, एवढे सहा रकाने असलेली एक वही दर यंत्राशेजारी असेल तर दंडाची कलमे जिवंत होतात. ती नसेल तर कलमे आणि करार दोन्ही फायलीत बांधून ठेवावे. जडवस्तू संग्रह नोंदवहीत खुर्च्या आणि कपाटे यांच्यामध्ये एका ओळीत सी. टी. स्कॅनची नोंद करून मोकळे होणाऱ्या दप्तराकडून यापेक्षा अधिक अपेक्षा करता येत नाही, आणि निर्लेखनाच्या प्रस्तावाअभावी वर्षानुवर्षे खोली अडवून बसलेली जुनी यंत्रेही त्याच दप्तराची प्रजा आहेत.

आता भूमीविषयी. यंत्रे परदेशात वा दूरच्या औद्योगिक नगरात बनतात, आणि त्यांच्यासोबत येणारे पुस्तक कोठल्याही शहरास लागू पडेल असे लिहिलेले असते. माणदेश आणि महाबळेश्वर त्यात नसतात. माण-खटाव, आटपाडी, जत या कोरड्या पट्ट्यात उन्हाळ्यात मुरूम इतका सुकतो की अर्थिंगचा अवरोध वाढतो, आणि ज्या यंत्राला स्थिर भूसंपर्क हवा त्याच्या चित्रांत अनाकलनीय रेघा उमटू लागतात. मोठ्या अभियंत्याला बोलावण्यापूर्वी शिपायाने अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्यातून दोन बादल्या पाणी घातले तर पुष्कळदा भागते. मात्र तो खड्डा कोठे आहे हे त्याला ठाऊक असले पाहिजे, त्याच्यावर सायकलींचे छप्पर बांधलेले नसले पाहिजे. याच्या उलट पाचगणी-महाबळेश्वराच्या पावसाळ्यात हवेतील दमटपणाच शत्रू होतो.

सांगलीची गोष्ट निराळी आहे, कारण तेथे नदीच दर काही वर्षांनी रुग्णालयाच्या व्यवस्थापनात भाग घेते. एम. आर. आय. चे चुंबक कित्येक टन वजनाचे असते, सी. टी. ही हलकी नसते, म्हणून स्थापत्यशास्त्र सांगते की त्यांना तळमजला द्यावा. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. २००५ आणि २०२१ हीही पुराची वर्षे अजून लोकांच्या बोलण्यात आहेत. नदीकाठच्या शहरात तळघर वा तळमजला यंत्राला देणाऱ्याने पूररेषेचा नकाशा समोर ठेवून जोत्याची उंची ठरवली होती काय, विजेचे फलक जमिनीपासून किती वर लावले, पुराचा इशारा आला म्हणजे यंत्राचा प्रवाह कोणी, कोणत्या क्रमाने बंद करावयाचा, हे प्रश्न मंजुरीपूर्वी विचारण्याचे आहेत. वजन पेलणारा दुसरा मजला बांधणे महाग पडते हे खरे. पण पुरात बुडालेले यंत्र त्याहून महाग पडते.

एम. आर. आय. चा उल्लेख आला म्हणून थोडे विषयांतर करतो, कारण त्यात आपल्या शेजारचा एक धागा आहे. या यंत्रातील वेटोळी उणे २६९ अंशांपर्यंत थंड ठेवण्यासाठी द्रवरूप हेलियम लागतो. प्रचलित यंत्रांपैकी अनेकांत तो हजार ते दोन हजार लिटर भरलेला असतो, आणि आपल्या देशास तो मुख्यतः आयात करावा लागतो. हा वायू प्रथम ओळखला गेला तो सूर्यावर. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाच्या दिवशी, पटवर्धनांच्या संस्थानांपैकी एक असलेल्या जमखंडीस रॉयल सोसायटीची उपकरणे घेऊन लेफ्टनंट जॉन हर्शेल बसले होते, आणि सूर्यबिंबाच्या कडेच्या ज्वालांत त्यांना तांबडी, नारिंगी व निळी अशा तीन ठळक रेषा दिसल्या. त्याच ग्रहणाचे वेध फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला घेत होते. सोडियमच्या रेषेशेजारची ती नारिंगी रेषा सोडियमची नव्हे, कोणा अपरिचित मूलद्रव्याची आहे, हा निष्कर्ष पुढे खगोलशास्त्रज्ञ लॉकियर यांनी इंग्लंडात काढला. पृथ्वीवर तो वायू रसायनशास्त्रज्ञ रॅमसे यांच्या हाती लागला १८९५ साली, म्हणजे क्ष-किरणांच्याच वर्षी. मिरजेच्या पूर्वेस काही तासांच्या वाटेवर ज्याची खूण दिसली तो वायू आज आपण जहाजाने मागवतो आणि निष्काळजीपणाने उडवून टाकतो, हे मला चमत्कारिक वाटते. थंड करणारा काँप्रेसर रविवारी रात्री बंद पडला आणि सोमवारी दहा वाजता कोणाच्या ध्यानात आला, तर मधल्या तासांत हेलियम उकळून जाऊ लागतो. चुंबकाची अतिवाहकता एकाएकी मोडली तर तो सगळा वायू ज्या नळाने छपराबाहेर पडावयाचा, त्या नळाच्या तोंडाशी पारव्यांनी घरटे केलेले नाही ना, एवढे पाहण्यासाठी वर्षातून दोनदा शिडी लावणारा माणूस नेमलेला असावा लागतो. आणि हे चुंबक वीज गेल्यावरही चालू असते, हे सफाई कामगारापासून नातेवाइकापर्यंत प्रत्येकास पुनःपुन्हा सांगावे लागते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात ऑक्सिजनचे नळकांडे घेऊन त्या खोलीत गेलेल्या एका तरुणाचा जीव गेला. तो तेथे नातलगाला तपासणीसाठी घेऊन आला होता.

सोनोग्राफीविषयी थोडक्यात लिहितो. या यंत्राच्या बाबतीत व्यवस्थापन हा सरळसरळ कायद्याचा विषय आहे. महाराष्ट्राने गर्भलिंग निदानासाठी होणाऱ्या गर्भजल परीक्षेवर १९८८ सालीच निर्बंध घातले आणि केंद्राचा कायदा १९९४ साली झाला. तरीही २००१ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे ८५१ मुली निघाल्या, आणि २०१७ साली मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे स्त्रीभ्रूणहत्येचे जे प्रकरण उघडकीस आले त्याने सारा महाराष्ट्र हादरला. नोंदणी, गर्भवतीच्या प्रत्येक तपासणीचा 'एफ' अर्ज आणि यंत्र हलवण्याची परवानगी यांना नुसता कागदी जाच म्हणणाऱ्या डॉक्टर मित्रांना मी हे दोन संदर्भ आठवून देतो.

हे सर्व करणारा माणूस कोण, या मूळ प्रश्नाकडे परत येतो. आमच्या या दोन जिल्ह्यांना यंत्रे सांभाळण्याची विद्या परकी नाही. १९१० साली किर्लोस्करवाडीचा माळ हाती घेऊन लोखंडी नांगर घडवणारी माणसे येथेच वसली. रेठऱ्याच्या, साखराळ्याच्या किंवा सांगलीच्या साखर कारखान्यात गळीत हंगाम संपला की यंत्रसामग्री उलगडून तपासली जाते. चीफ इंजिनिअरने बॉयलर पेटवू नये म्हटले तर संचालक मंडळातील मातबर मंडळीही दोन पावले मागे घेतात. मग ज्या तालुक्यात उसाच्या चरकाला हा मान मिळतो त्याच तालुक्यातील रुग्णालयात जैववैद्यकीय अभियंता तात्पुरत्या करारावर, वीजतंत्र्याच्या पगारात, आणि खरेदी समितीच्या दाराबाहेर बसवलेला का असावा? मला यावर समाधानकारक उत्तर आजवर मिळालेले नाही. उसाचे गाळप थांबले तर संचालकास दुसऱ्या दिवशी सभासद जाब विचारतात, सी. टी. थांबली तर रुग्ण निमूटपणे खासगी केंद्राकडे वळतो, आणि त्या वळणावर कोणाकोणाचा कट ठरलेला असतो हे सगळेजण जाणून असतात.

अभियंत्याइतकाच दुर्लक्षित तो क्ष-किरण तंत्रज्ञ. अंगावर घालण्याचा शिशाचा एप्रन काम संपल्यावर दांडीला टांगावयाचा असतो. घडी करून खुर्चीच्या पाठीवर टाकला तर आतल्या शिशाच्या थरास केसासारख्या भेगा पडतात, आणि वरून अखंड दिसणारा एप्रन आतून किरणांना वाट देतो. या भेगा शोधण्याची रीतही सोपी आहे: वर्षातून एकदा एप्रनचाच क्ष-किरण फोटो काढावयाचा. छातीवर लावण्याचा मापक बिल्ला दर तीन महिन्यांनी तपासणीस जातो; पण तो तंत्रज्ञाच्या छातीवर असण्याऐवजी भिंतीवरच्या एप्रनला अडकवलेला सापडला, तर त्याचा शून्य आकडा कोणाला दिलासा देणार? मुंबईस १९८३ साली स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाचे परवाने, २००४ चे किरणोत्सर्ग संरक्षण नियम, दर दोन वर्षांची गुणवत्ता चाचणी, या सर्वांचा बोजा शेवटी या एका माणसाच्या सवयींवर येऊन पडतो, आणि त्याची हजेरी सोडून दुसरी कोणतीही गोष्ट वरिष्ठ पाहत नाहीत.

यंत्र सांभाळण्यात ते विनाकारण न चालवणेही येते, हा मुद्दा पुस्तकात थोडक्यात उरकला आहे, आणि तेवढ्यापुरता माझा ग्रंथकर्त्यांशी मतभेद आहे. पोटाच्या एका सी. टी. त शरीरास मिळणारी किरणमात्रा छातीच्या साध्या फोटोच्या कित्येक शेकडा पट असते. वर मांडलेल्या जमाखर्चात रोजचे दहा रुग्ण धरले आहेत. ते दहा भरावेत म्हणून साध्या डोकेदुखीस मेंदूची सी. टी. लिहून दिली जाऊ लागली तर तो ताळेबंद शिलकीचा दिसेल आणि रुग्णालय मात्र आपल्या कामास मुकलेले असेल. तालुक्या-तालुक्यात नवे यंत्र मागण्याऐवजी दोन रुग्णालयांनी एक यंत्र वाटून घ्यावे, ग्रामीण रुग्णालयात काढलेला फोटो तारेवरून मिरजेस वा साताऱ्यास वाचून घ्यावा, आणि रिकाम्या खोल्या भरण्याची हौस आवरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसऱ्या आवृत्तीत या विषयास स्वतंत्र प्रकरण मिळावे.

वाचकांस एवढेच सांगावयाचे की हे पुस्तक पहिल्या पानापासून क्रमाने वाचण्याची आवश्यकता नाही. ज्यांच्याकडे यंत्र येत्या वर्षात यावयाचे आहे त्यांनी निविदा काढण्यापूर्वी करारनाम्याचे प्रकरण वाचावे, आणि खरेदीच्या ठरावातच यंत्र कोणाच्या हवाली राहील त्या अधिकाऱ्याचे नाव व देखभालीची वार्षिक रक्कम लिहून घ्यावी. ज्यांच्याकडे ते आधीच आले आहे त्यांनी परिशिष्टातील वहीचा नमुना उतरवून घेऊन आजच्या तारखेपासून नोंदी सुरू कराव्यात.